रासायनिक पंपाची निवड

रासायनिक पंपाची निवड म्हणजे आम्ल, अल्कली, क्षारद्रावणे, विद्रावके किंवा घनकणमिश्रित द्रव यांची ने-आण करण्यासाठी कोणत्या प्रकारचा, कोणत्या धातूचा अथवा प्लॅस्टिकचा आणि किती क्षमतेचा पंप वापरावा हे ठरविण्याची प्रक्रिया होय. पाणी उपसणारा पंप प्रवाह आणि उंची या दोन बाबींवर निवडता येतो. रासायनिक द्रवाच्या बाबतीत द्रवाची घनता, श्यानता, तापमान, बाष्पदाब, संक्षारकता, त्यातील घनकण आणि गळती झाल्यास संभवणारा धोका या सर्वांचा एकत्र विचार करावा लागतो. निवड चुकल्यास पंप लवकर निकामी होतो, उत्पादन थांबते आणि प्रसंगी कामगारांना गंभीर इजा होते.

ग्रामीण महाराष्ट्रात रसायने मोठ्या प्रमाणावर हाताळणारा उद्योग म्हणजे साखर कारखाना. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा येथे टोकाई सहकारी साखर कारखाना आहे. अशा कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या द्रवांच्या आधारे पंपनिवडीची तत्त्वे या लेखात स्पष्ट केली आहेत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात पंपनिर्मितीची परंपरा जुनी आहे. किर्लोस्कर बंधूंचा व्यवसाय १८८८ मध्ये बेळगाव येथे सुरू झाला. १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसविण्यात आली आणि पुढे ती पंपनिर्मितीचे प्रमुख केंद्र बनली. शेतीपंपांच्या प्रसारामुळे पंप ‘किती एचपीचा’ असे विचारण्याची पद्धत रूढ झाली. रासायनिक पंपासाठी मात्र हा प्रश्न शेवटी विचारावयाचा असतो. अश्वशक्ती हे निवडीचे उत्तर आहे, तिचा आरंभ नव्हे.

साखर कारखान्यातील द्रव

भारतातील बहुतेक साखर कारखाने दुहेरी सल्फिटेशन पद्धतीने पांढरी साखर तयार करतात. उसाचा रस सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात चुन्याचे दुधाळ पाणी आणि सल्फर डायऑक्साइड वायू सोडतात. रसाचा सामू ७ च्या आसपास ठेवला जातो. रसात फॉस्फेट कमी असल्यास फॉस्फोरिक आम्ल मोजून घालतात. बाष्पीकरण पात्रांच्या नळ्यांवर साचलेला थर काढण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे उष्ण द्रावण वापरतात. सहवीजनिर्मिती प्रकल्पात बॉयलरसाठी क्षाररहित पाणी लागते. त्या संयंत्रात हायड्रोक्लोरिक आम्ल व कॉस्टिक सोडा यांचा वापर होतो. आसवनी असल्यास सल्फ्यूरिक आम्लही हाताळावे लागते. याशिवाय मळीसारखा अतिशय दाट द्रव आहेच. एकाच आवारातील या द्रवांचे स्वभाव इतके भिन्न आहेत की, एका द्रवासाठी उत्तम ठरलेला पंप दुसऱ्यासाठी निरुपयोगी ठरतो.

निवडीचे निकष

प्रवाह आणि हेड. प्रवाह म्हणजे ताशी किती घन मीटर द्रव हवा ते. हेड म्हणजे द्रव चढविण्याची उंची, नळातील घर्षण आणि दोन्ही टोकांकडील दाबांतील फरक यांची मीटरमध्ये केलेली बेरीज. केंद्रोत्सारी पंपाचे हेड द्रवाच्या घनतेवर अवलंबून नसते, परंतु दाब आणि लागणारी शक्ती घनतेच्या प्रमाणात वाढतात. ९८ टक्के सल्फ्यूरिक आम्लाची सापेक्ष घनता सुमारे १.८४ आहे. म्हणून तोच पंप तेवढेच आम्ल तेवढ्याच उंचीवर चढविताना पाण्याच्या तुलनेत सुमारे १.८४ पट शक्ती घेतो. पाण्यासाठी बसविलेली मोटार अशा वेळी जळण्याचा संभव असतो.

उदाहरणार्थ, १.१ सापेक्ष घनतेचे चुन्याचे पाणी ताशी १० घन मीटर या दराने २० मीटर हेडवर न्यावयाचे आहे. द्रवाला मिळणारी शक्ती सुमारे ०.६ किलोवॉट येते. पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरल्यास शाफ्टवर सुमारे १.५ किलोवॉट शक्ती लागते. मोटार याहून पुढच्या मापाची, काही राखीव क्षमता ठेवून निवडतात.

शोषण बाजू. द्रवाचा दाब त्याच्या बाष्पदाबाखाली गेला, तर पंपात वाफेचे बुडबुडे निर्माण होतात आणि ते फुटताना इंपेलरचा पृष्ठभाग खरवडला जातो. या क्रियेस कॅव्हिटेशन म्हणतात. पंपातून खडे फिरत असल्यासारखा आवाज हे त्याचे लक्षण होय. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब पाण्याच्या सुमारे १०.३ मीटर स्तंभाइतका असतो. ४०० मीटर उंचीवर तो सुमारे अर्ध्या मीटरने घटतो. ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याचा बाष्पदाब सुमारे ३.२ मीटर असल्याने उष्ण द्रवासाठी उपलब्ध शोषणक्षमता आणखी कमी होते. बाष्पीकरणाच्या शेवटच्या पात्रातील पाक निर्वातात उकळत असतो. तेथे वातावरणाच्या दाबाचा उपयोगच होत नाही, म्हणून पाक काढणारा पंप पात्राच्या बराच खाली बसवावा लागतो.

श्यानता. केंद्रोत्सारी पंप पातळ द्रवासाठी योग्य असतो. द्रव दाट होत गेला की त्याचा प्रवाह, हेड आणि कार्यक्षमता ही तिन्ही घटतात. मळीसाठी म्हणून गिअर पंप किंवा स्क्रू पंप यांसारखे धन विस्थापन पंप कमी वेगाने चालवितात. अशा पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला तर दाब अनियंत्रित वाढतो. त्यामुळे दाबमुक्ती व्हॉल्व्ह बसविणे अनिवार्य मानले जाते.

घनकण. चुन्याच्या पाण्यात वाळूचे आणि न विरघळलेल्या चुन्याचे कण असतात. त्यासाठी उघड्या इंपेलरचा, कमी वेगाचा आणि जाड आवरणाचा पंप योग्य ठरतो. पंप थांबला की कण खाली बसून नळ तुंबतो. म्हणून थांबविण्यापूर्वी पंप व नळ साध्या पाण्याने धुण्याची सोय ठेवतात.

पंपाचे साहित्य

पंपाचा जो भाग द्रवाच्या संपर्कात येतो त्याचे साहित्य द्रवाची तीव्रता आणि तापमान पाहून ठरवितात. केवळ रसायनाचे नाव पुरेसे नसते. सल्फ्यूरिक आम्ल हे याचे ठळक उदाहरण आहे. तीव्र आम्ल साध्या पोलादाच्या टाकीत साठविता येते, कारण पोलादावर लोह सल्फेटचा संरक्षक थर बसतो. त्याच आम्लात पाणी मिसळल्यास ते पोलाद झपाट्याने खाते. शिवाय पंपातील वेगवान प्रवाहात हा थर धुऊन जातो. म्हणून टाकी पोलादाची असली तरी पंपासाठी विशेष मिश्रधातू किंवा फ्लोरोप्लॅस्टिकचे अस्तर निवडावे लागते.

हायड्रोक्लोरिक आम्ल ३०४ आणि ३१६ या दोन्ही प्रतींच्या स्टेनलेस स्टीलवर हल्ला करते. ‘स्टेनलेस आहे म्हणजे चालेल’ ही समजूत येथे महागात पडते. या आम्लासाठी पॉलिप्रोपिलीन, पीव्हीडीएफ किंवा रबराचे अस्तर असलेले पंप वापरतात. कॉस्टिक सोड्यासाठी ॲल्युमिनियम व जस्त पूर्णपणे वर्ज्य आहेत. ५० टक्के कॉस्टिक द्रावण सुमारे १२ अंश सेल्सिअसला गोठू लागते. गळीत हंगाम हिवाळ्यात येत असल्याने थंड रात्री नळ तुंबू नये यासाठी द्रावण सौम्य ठेवणे किंवा नळाला उष्णतारोधक वेष्टन देणे आवश्यक ठरते. वायसर आणि सीलमधील रबरही द्रवानुसार तपासावे लागते, कारण अनेकदा गळतीचा आरंभ तेथूनच होतो.

शाफ्टवरील गळती रोखणे

शाफ्ट आवरणातून बाहेर येतो ती जागा पंपाचा सर्वांत नाजूक भाग होय. ग्लँड दोरी स्वस्त व सहज बदलता येणारी असते, परंतु तिच्यातून थेंब थेंब गळती होणे स्वाभाविक असते. रसासाठी ती चालते, आम्लासाठी नाही. मेकॅनिकल सीलमध्ये गळती अत्यल्प असते. अधिक घातक द्रवांसाठी दुहेरी सील किंवा सीलविरहित चुंबकीय पंप वापरतात. चुंबकीय पंपाच्या बेअरिंगना त्याच द्रवाचे वंगण मिळते. म्हणून तो कोरडा चालल्यास अल्पावधीत निकामी होतो आणि चुन्याच्या पाण्यासारख्या कणयुक्त द्रवासाठी तो सामान्यतः अयोग्य ठरतो.

फॉस्फोरिक आम्लासारखा द्रव अल्प प्रमाणात व अचूक मोजून द्यावयाचा असल्यास पडदा असलेला डोसिंग पंप निवडतात. त्यात शाफ्टवरील सीलचा प्रश्नच उद्भवत नाही.

आकारमान आणि खर्च

‘असू द्या थोडा मोठा’ या विचाराने अवाजवी मोठा पंप घेणे ही सामान्य चूक आहे. असा पंप व्हॉल्व्ह दाबून चालवावा लागतो. त्यामुळे वीज वाया जाते, कंपने वाढतात आणि सील व बेअरिंग लवकर खराब होतात. पंप त्याच्या सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या बिंदूजवळ चालेल असा निवडणे हिताचे असते. प्रवाह बदलता हवा असल्यास वेगनियंत्रक उपयोगी पडतो. केंद्रोत्सारी पंपाचा प्रवाह वेगाच्या, हेड वेगाच्या वर्गाच्या आणि शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते.

हंगामी उद्योगात बंद पडण्याचा खर्च पंपाच्या किमतीपेक्षा मोठा असतो. चुन्याचा पंप थांबला की रसशुद्धी थांबते, पाठोपाठ गाळप थांबते आणि गव्हाणीपुढे उसाच्या गाड्या तिष्ठत राहतात. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटते आणि उताऱ्यातील घट अखेरीस ऊस उत्पादकालाही सोसावी लागते. त्यामुळे महत्त्वाच्या ठिकाणी एक चालू व एक राखीव अशी पंपांची जोडी ठेवतात.

सुरक्षितता आणि मानके

आम्लाच्या पंपाच्या जोडांवर उडणारा द्रव अडविणारी आवरणे बसवितात. पंप उघडण्यापूर्वी वीजपुरवठा तोडून कुलूपबंद करणे, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करणे, उरलेला द्रव काढून घेणे आणि पंप पाण्याने धुणे हा क्रम पाळावा लागतो. कॉस्टिक सोडा डोळ्यांत गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून पंपाजवळ डोळे धुण्याचे नळ व आंघोळीचा फवारा असावा लागतो. इजा झाल्यास तत्काळ किमान १५ मिनिटे पाण्याने धुणे आणि वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते. सल्फ्यूरिक आम्ल सौम्य करताना नेहमी आम्ल पाण्यात ओततात, पाणी आम्लात नाही.

भारतात कामगारांच्या सुरक्षिततेसाठी १९४८ चा कारखाने अधिनियम करण्यात आला. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्यात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि १९८९ मध्ये घातक रसायनांविषयीचे नियम आले. पंपांच्या मापांसाठी आयएसओ २८५८, रचनेच्या तांत्रिक अपेक्षांसाठी आयएसओ ५१९९ आणि सीलविरहित पंपांसाठी एपीआय ६८५ ही मानके प्रचलित आहेत.

मागणीपत्रातील माहिती

पंप मागविताना द्रवाचे नाव, तीव्रता, किमान व कमाल तापमान, सापेक्ष घनता, श्यानता, घनकणांचे प्रमाण व आकार, प्रवाह, हेड, उपलब्ध शोषणक्षमता, दिवसातील चालण्याचे तास आणि धुण्यासाठी वापरले जाणारे द्रावण यांची नोंद द्यावी लागते. यांपैकी शेवटची नोंद अनेकदा राहून जाते. रसासाठी योग्य असलेला पंप हंगामाच्या मध्यात आम्लाने धुतला गेला, तर त्याचे आयुष्य रसावर नव्हे, तर त्या आम्लावर ठरते.