कृत्रिम अवयवांच्या कर्मशाळेतील हत्यारे, द्रव्ये व परिभाषा

कृत्रिम अवयवांचा इतिहास आजवर बहुधा दोन बाजूंनी लिहिला गेला आहे; एक बाजू वैद्यकाची, दुसरी युद्धाची. पाय रणांगणावर तुटतो, शस्त्रक्रियागृहात कापला जातो आणि नवा पाय शासनाच्या वा एखाद्या धर्मादाय संस्थेच्या साह्याने मिळतो, असा त्या इतिहासाचा सर्वसाधारण क्रम असतो. तो पाय ज्याने घडविला त्याच्या हातातील हत्यारे कोणत्या धंद्यातून आली, आणि ज्या शब्दांनी तो हाताखालच्या उमेदवाराला काम शिकवितो ते शब्द कोठले, ह्या प्रश्नांचा विचार त्यात क्वचितच आढळतो. कारागीर सहसा लेखी कागद मागे ठेवीत नाही. त्यामुळे त्याच्या बाबतीत शब्दांची साक्ष काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाने ह्या विषयात शिरावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शिवाय ह्या शास्त्राच्या नावावरही आमचा थोडासा हक्क आहे. 'प्रोस्थेसिस' हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ 'जोड देणे'. इंग्रजीत तो प्रथम सोळाव्या शतकात आला तो व्याकरणाची संज्ञा म्हणून. शब्दाच्या आरंभी एखादे अक्षर जोडले जाणे, हा त्याचा अर्थ. 'स्टेशन'चे 'इस्टेशन' आणि 'स्टूल'चे 'इस्टूल' करणारा मुंबईकर नकळत प्रोस्थेसिसच करीत असतो. तुटलेल्या अवयवाच्या जागी कृत्रिम अवयव जोडणे, हा वैद्यकीय अर्थ त्या शब्दाला अठराव्या शतकाच्या आरंभी प्राप्त झाला. त्याचा सोबती 'ऑर्थोसिस', म्हणजे दुर्बल अवयवाला सरळ राखणारे आधारसाधन, हा मात्र अगदी अलीकडचा, विसाव्या शतकात घडविलेला शब्द होय.

ऋग्वेदातील विश्पलेच्या लोखंडी जंघेचा उल्लेख ह्या विषयावरील व्याख्यानांच्या आरंभी हटकून होतो. अश्विनीकुमारांनी ती दिली एवढेच तेथे कळते. ती घडविली कशी, हे कळत नाही. आपल्या कामी सुश्रुतसंहितेचा पुरावा अधिक येतो. सुश्रुताने १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे सांगितली आहेत. त्यांतील काही नावे पाहावीत: संदंश, करपत्र, आरा, कुठारिका. संदंश म्हणजे आपली सांडशी, करपत्र म्हणजे करवत, आरा म्हणजे आरी, आणि कुठारिका ही कुऱ्हाडीची धाकटी बहीण. लोहार, सुतार, चांभार व लाकूडतोड्या ह्या चौघांची हत्यारे येथे एकाच शल्यवैद्याच्या पेटीत एकत्र आलेली दिसतात. ही शस्त्रे कामात निष्णात अशा लोहाराकडून उत्तम लोखंडाची करवून घ्यावीत, असेही ग्रंथकार सांगतो.

त्याहून महत्त्वाचा भाग सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात आहे. शास्त्र पाठ झालेल्या शिष्यानेही हात बसल्यावाचून कर्म करू नये, हा त्या अध्यायाचा रोख. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड ह्यांवर. शिवण्याचा सराव पातळ वस्त्रावर व मऊ कातड्यावर. पट्टी बांधण्याचा सराव वस्त्रादिकांच्या माणसाएवढ्या पुतळ्यावर. आणि एका क्रियेसाठी तर मेण लावलेली सावरीची फळी सांगितली आहे. प्रत्येक कर्माला त्याच्यासारखे द्रव्य शोधून त्यावर हात बसवावयाचा, ही शिकविण्याची पद्धत आजच्या कोणत्याही कर्मशाळेला परकी वाटणार नाही.

ह्यानंतरची महाराष्ट्रातील ठळक नोंद पुण्याची आहे. १७९२ साली इंग्रज सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ एका कारागीर जातीच्या वैद्याने कपाळाची कातडी फिरवून त्याचे नाक नव्याने घडविले. क्रुसो व फिंडले ह्या इंग्रज वैद्यांनी हे कर्म पाहिले, जेम्स वेल्स ह्या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४च्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये त्याचा वृत्तान्त छापून आला. शस्त्रक्रियेच्या इतिहासात हा वृत्तान्त सुप्रसिद्ध आहे. तो वाचून कार्प्यू ह्या शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तसेच कर्म केले. परंतु इतिहासकार ज्या तपशिलावरून झरझर पुढे जातात, तेथे आपण थांबावयास हवे. वैद्याने प्रथम मेणाची पातळ पत्री नाकाच्या अवशिष्ट भागावर बसवून तिला नाकाचा आकार दिला. मग ती सपाट करून कपाळावर ठेवली आणि तिच्या कडेने रेघ आखली. त्या रेघेवरून कातडी कापली. म्हणजे आधी साचा, मग माप, मग काप. वृत्तान्तकाराने त्या वैद्याची जात विटा घडविणाऱ्यांची सांगितली आहे. मातीला आकार देणाऱ्याच्या घरात आकारमान उलगडून सपाट करण्याची ही युक्ती सुचावी, ह्यात नवल ते काय! कावसजीला नाक मिळाले. हात मात्र मिळाला नाही. हाताला लागणारी बिजागरी, कातडी पट्टा आणि लाकडी पंजा एका छताखाली आणणारी कर्मशाळा तेव्हा आपल्याकडे नव्हती.

अशी कर्मशाळा पुण्यातच उभी राहावयास दीडशे वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९४४ साली लष्कराने पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र स्थापिले. मुंबईत १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या संघटनांच्या साह्याने अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था निघाली. हाजीअलीजवळच्या ह्या संस्थेत आज ह्या विषयाचा पदवी अभ्यासक्रम चालतो. त्या काळची द्रव्ये तीन: लाकूड, कातडे आणि धातू. मांडीचा वा पोटरीचा पोकळ भाग विलोसारख्या हलक्या लाकडातून कोरावयाचा, वर कातडी बंद घालावयाचे, गुडघ्याला पोलादी पट्ट्या व खीळ. हे काम नवे होते, परंतु ते करणारे हात जुनेच होते. पटाशी, रंधा, कानस, रापी, आरी ही हत्यारे कर्मशाळेत आली ती आपापल्या जातिधंद्यांतून, आणि येताना आपली नावे घेऊन आली. रंधा फारसीतून, गिरमिट इंग्रजीतून, करवत संस्कृतातून, आणि ह्या सर्वांवर देखरेख करणारा 'मिस्त्री' पोर्तुगीज 'मेस्त्र'पासून!

एका शब्दाचा प्रवास मात्र थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. जोडा ज्या लाकडी ठोकळ्यावर चढवून शिवतात त्याला हिंदीत व मराठीत कलबूत, कालबूत अशी नावे आहेत. हा फारसी 'कालबुद'. फारसीत त्याचा अर्थ साचा, आणि त्यावरून देह, असाही होतो. आत्मा ज्यात ओतला जातो तो साचा, अशी ती कल्पना. फारसी शब्द आणि त्याचा अरबी भाऊबंद 'कालिब' हे दोन्ही ग्रीक 'कालोपूस'पासून आले, असे व्युत्पत्तिकार मानतात. ह्या ग्रीक शब्दाचा अक्षरशः अर्थ आहे 'लाकडी पाय'. अरबी 'कालिब' पुढे युरोपात गेला आणि तोफेच्या नळीचे माप दाखविणारा 'कॅलिबर' झाला, असे मत सामान्यतः मान्य आहे. 'कॅलिबर'चेच एक रूपांतर म्हणजे जाडी मोजण्याचे 'कॅलिपर'. आणि मापकाच्या दोन पायांसारख्या दोन उभ्या पोलादी सळया पायाच्या दोन्ही बाजूंना लावणाऱ्या आधारसाधनालाही तेच नाव मिळाले. पोलिओने लुळा पडलेला पाय ज्या घरात होता, त्या प्रत्येक मराठी घराला 'कॅलिपर' हा शब्द ठाऊक होता. चांभाराच्या पेटीतील कालबूत आणि मुलाच्या बुटाला जोडलेले कॅलिपर अशा रीतीने एकाच 'लाकडी पाया'ची दोन अपत्ये ठरतात. एक इराणमार्गे आले, दुसरे इंग्लंडमार्गे. ते कॅलिपर बनवितानाही चांभार आणि लोहार शेजारी शेजारी बसत, हा योगायोग मला मोठा हृद्य वाटतो. भारतातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यानंतर वाढणाऱ्या पिढीला हा शब्द मापनाच्या उपकरणाचे नाव म्हणूनच कळेल.

१९५०नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधनातून गुडघ्याखालच्या पायासाठी नवी खोबण आली. कर्मशाळेत तिला 'पीटीबी' ह्या आद्याक्षरांनीच ओळखतात. तिच्यामुळे शिकावयाचे मुख्य द्रव्य बदलले; लाकडाची जागा प्लॅस्टरने घेतली. उरलेल्या पायावर ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळून घेतलेला पोकळ ठसा तो 'निगेटिव्ह'. त्यात प्लॅस्टर ओतून काढलेला भरीव पाय तो 'पॉझिटिव्ह'. आता खरी विद्या पुढेच आहे. भरीव पायाची हुबेहूब प्रत रुग्णाच्या उपयोगाची नसते. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा भार सोसते, म्हणून तेथले प्लॅस्टर कानशीने घासून काढावयाचे, म्हणजे खोबण तेथे दाबून बसते. नडगीची धार आणि बाहेरच्या बारीक हाडाचे टोक भार सोसत नाही, म्हणून तेथे उलट प्लॅस्टर चढवावयाचे. किती काढावे आणि किती चढवावे, ह्याचे आकडे पुस्तकात मिलिमीटरमध्ये असतात. परंतु जुना मिस्त्री 'सुता'त बोलतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरांहून किंचित अधिक. ज्या सूत्रावरून 'सूत्रधार' आणि 'सुतार' झाले तेच हे सूत. एक सूत अधिक घासले गेले तर कातडी सोलते, आणि रुग्ण चार दिवसांत तो पाय खाटेखाली ढकलतो. चांगल्या व वाईट पायांतील अंतर बहुतेक वेळा एवढेच असते.

बर्कलेचा पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होता. जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्याला, अनवाणी देवळात जाणाऱ्याला, चिखलात भात लावणाऱ्याला त्याचा उपयोग बेताचाच. ही अडचण १९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात सुटली. रुग्णांना हस्तव्यवसाय शिकविण्यासाठी तेथे आलेले, बेताचेच शालेय शिक्षण झालेले कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी ह्यांनी रबराचे पाऊल घडविले. आत सच्छिद्र रबराचे ठोकळे व लाकूड, बाहेर टायरची दोरी व रबर, आणि सर्व साच्यात घालून भाजलेले. आरंभीची पावले टायरवर नवे रबर चढविणाऱ्या दुकानात भाजली गेली. वरचा पाय ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. प्लॅस्टरच्या पायावर तो पत्रा ठोकून बसविणे म्हणजे आपल्या तांबटाचे मठारकामच. पुढे पत्र्याच्या जागी पाण्याच्या प्लॅस्टिक नळाचे द्रव्य आले: नळ तापवावयाचा, मऊ झाला की साच्यावर ओढावयाचा. १९८१चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला. रामचंद्रांच्या वाट्याला तसे काही आले नाही.

ह्या घटनेचा आमच्या उपनगरांशी संबंध आहे. पश्चिम व मध्य मार्गांवर रूळ ओलांडताना, गर्दीने भरलेल्या गाडीच्या दारातून पडून, वा फलाट आणि गाडी ह्यांमधील पोकळीत सापडून अवयव गमावणारे लोक बहुधा कष्टकरीच असतात. त्यांना पावसात भिजणारा, घामाने न कुजणारा आणि जिना चढणारा पाय हवा असतो. साकीनाका, घाटकोपर, मुलुंड येथल्या गाळ्यांतून लेथवर आणि पत्र्यावर काम करणारे कसबी हातही ह्याच वस्तीत आहेत. पूर्वी अशा हाताला कृत्रिम अवयवांच्या कर्मशाळेचे दार उघडे असे. आता ते अर्धवटच उघडे आहे. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने हा व्यवसाय नोंदणीखाली आणला. मान्य अभ्यासक्रम पुरा करून परिषदेच्या नोंदवहीत नाव घातल्यावाचून व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद वा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. तिचा हेतू रुग्णाच्या रक्षणाचा आहे, आणि अर्धवट माणसाने घडविलेल्या खोबणीने पायाला झालेली जखम ज्याने पाहिली आहे तो ह्या कायद्यास विरोध करणार नाही. परंतु रामचंद्र शर्मा आज त्या नोंदवहीत बसले नसते, हेही खरे आहे. तंत्रसाहाय्यक म्हणून मिस्त्री कर्मशाळेत राहतो. रुग्णाचे माप घेण्याचा आणि खोबण ठरविण्याचा अधिकार पदवीधराकडे जातो.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. पदवीधर शिकतो इंग्रजीत. मिस्त्री शिकवितो मराठी-हिंदीच्या मिश्रणात. विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिकेत 'रेक्टिफिकेशन' लिहावयाचे असते, आणि प्रत्यक्ष कानस हातात आली की 'धार मार', 'उतार दे', 'अंग सोड' हे शब्द कानी पडतात. आमच्या परिभाषाकारांनी अशा वेळी कोशाकडे न जाता कर्मशाळेकडे जावे. 'साचा', 'खोबण', 'सूत', 'मठारणे' हे शब्द आयते तयार असताना संस्कृत धातूंना नवे प्रत्यय लावीत बसण्यात अर्थ नाही. पाठ्यपुस्तकात हे शब्द आले तर परीक्षार्थी आणि मिस्त्री एकमेकांशी बोलू तरी लागतील. हे संकलन तातडीने व्हावयास हवे, कारण प्लॅस्टरही आता मागे पडत आहे. उरलेल्या पायाचा आकार प्रकाशयंत्राने टिपून संगणकावर दाखविता येतो, आणि त्या आकृतीवरच 'काढणे' व 'चढविणे' ह्या दोन्ही क्रिया करता येतात. मग यंत्र खोबण घडविते. तिच्या कडा मात्र रुग्णाला समोर उभे करून, चालवून, पुन्हा बसवून हातानेच घासाव्या लागतात, आणि त्या कामी अजून मिस्त्रीलाच हाक जाते.