रेषेपासून शब्दापर्यंत : व्यंगचित्रकार बाळ ठाकरे

‘मैद्याचं पोतं’ हे बाळ ठाकरे यांनी शरद पवारांना उद्देशून वापरलेले विशेषण राजकीय शिवराळपणाचा नमुना म्हणूनच बहुधा उद्धृत होते. वस्तुतः ते शब्दांत काढलेले अर्कचित्र आहे. एका देहविशेषाची निवड, त्याची अतिशयोक्ती आणि व्यक्तीचे वस्तूत रूपांतर या अर्कचित्राच्या तिन्ही क्रिया त्यात आढळतात. पवार १९६७ मध्ये बारामतीतून प्रथम विधानसभेवर गेले. बारामती-इंदापूरच्या ज्या पट्ट्यात त्यांचे राजकारण रुजले, तेथे पोते ही सहकारी कारखान्यांतील साखर भरण्याची नित्याची वस्तू. ठाकरे यांनी त्यात साखर न भरता मैदा भरला. पांढरेपणा तोच राहिला. ऊस, कारखाना आणि सभासद शेतकरी हे सगळे संदर्भ मात्र पुसले गेले. उरला तो केवळ देह.

ही दृष्टी वृत्तपत्राच्या टेबलावर घडली. पुण्यात १९२६ साली जन्मलेल्या ठाकरे यांना ‘प्रबोधन’कार वडिलांकडून वादपटुत्वाचा वारसा मिळाला होता; ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये त्याला रोजच्या घडामोडींची शिस्त लाभली. तेथे आर. के. लक्ष्मण काही काळ त्यांचे सहकारी होते. ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचा प्रभाव ठाकरे स्वतः मान्य करीत. लक्ष्मण यांनी पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’त जो सामान्य माणूस उभा केला, तो मूक साक्षीदार आहे, वाचक त्याच्या शेजारी उभा राहून पाहतो. ठाकरे यांच्या चित्रात असा तटस्थ साक्षीदार सहसा नसतो. तेथे वाचकाला बाजू घ्यावी लागते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे सामर्थ्य सत्तेवर रोखलेले होते. मोरारजी देसाई यांच्यासारख्या सत्ताधाऱ्याचा उपहास करताना अतिशयोक्तीला नैतिक आधार मिळतो, कारण लक्ष्य बलवान असते. १३ ऑगस्ट १९६० रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते ‘मार्मिक’ प्रसिद्ध झाले. बंधू श्रीकांत यांच्यासह चालविलेल्या या साप्ताहिकात चित्रांबरोबर एक वेगळाच मजकूर येऊ लागला : ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली मुंबईतील आस्थापनांमधील अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या. पुढे मथळा ‘वाचा आणि उठा’ असा झाला. व्यंगचित्राच्या इतिहासातील खरी फट येथे आहे. अर्कचित्राला चेहरा लागतो. यादीला आडनाव पुरते. चेहऱ्याची थट्टा करताना निदान ती व्यक्ती नीट न्याहाळावी लागते, यादीत तेवढेही निरीक्षण उरत नाही. मराठी तरुणाच्या बेकारीचा प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर मात्र धोरणात शोधण्याऐवजी शेजाऱ्याच्या नावात शोधले गेले. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली, तेव्हा तिचा वाचकवर्ग आधीच तयार होता.

त्यानंतर कुंचल्याचे काम हळूहळू वाणीने घेतले. शिवाजी पार्कवरील भाषणांतील नकला, टोपणनावे, मध्येच घेतलेले विराम हे सारे व्यंगचित्रकाराचेच तंत्र. फरक इतकाच, की चित्र पाहणारा वाचक एकटा असतो आणि सभेत हशा पिकतो तेव्हा शेजारचाही हसत असतो.