राजाचा देव आणि बाळाचा ताईत

शाळेत इजिप्त म्हणजे पिरॅमिड, ममी आणि नाईल नदी, एवढंच आपण शिकलो. निवृत्तीनंतर निवांत वाचायला लागलो, तेव्हा मला पिरॅमिडपेक्षा तिथल्या बोटाच्या पेराएवढ्या ताईतांची ओढ लागली.

बरेचसे ताईत फायन्सचे असत. क्वार्ट्झची पूड क्षारात कालवायची, मातीच्या साच्यात दाबायची आणि भाजायची. तांब्यामुळे त्यावर निळी-हिरवी चकाकी येई. दोरा ओवायला कडी किंवा भोक असे. ममीच्या पट्ट्यांत ते ठेवत, तसेच जिवंत माणसंही गळ्यात घालत. त्यांत दोन देव अगदी घरातले. बेस हा बुटका, दाढीवाला, बऱ्याचदा जीभ बाहेर काढलेला. तर तावेरेत ही गरोदर पाणघोडीच्या रूपातली देवी. बाळंतीण आणि बाळ यांची राखण करणं हे दोघांचं काम.

इ.स. पूर्व 14व्या शतकात अखेनातेन राजाने आतेन, म्हणजे सूर्यबिंब, हाच देव मानला. आमुन देवाचं नाव मंदिरांच्या भिंतींवरून खोडून काढायला लावलं आणि नवी राजधानी वसवली. तिला आज अमर्ना म्हणतात. फ्लिंडर्स पेट्री यांनी 1891-92 मध्ये तिथे उत्खनन केलं, पुढे इतरांनीही केलं. त्या राजधानीतल्याच घरांमधून बेस आणि तावेरेतचे ताईत मिळाले, ते बनवायचे साचेसुद्धा! राजाचा देव बदलला होता, पण मुलाच्या गळ्यातला दोरा आईने सोडला नव्हता. राजाच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत तुतानखामुनच्या काळात आमुन परत आला आणि ती राजधानी ओस पडली. बेस मात्र पुढे रोमन काळापर्यंत टिकला.

हे वाचताना आठवीतला एक तास आठवला. पी.टी.ला माझ्या शर्टातून काळ्या दोऱ्यातला ताईत बाहेर आला आणि अख्खा वर्ग हसला. संध्याकाळी घरी जाऊन मी तो तोडून फेकला. आई रागावली नाही, नुसती बघत राहिली. माझ्याआधी तिची दोन मुलं गेली होती, हे मला फार पुढे कळलं.

मित्रांनो, तुमच्यावर राग नाही. तो दोरा तोडताना मीही हसलोच होतो.