प्रकाशाचा भोवरा

तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूक्ष्म उपस्वरही उमटतात, हें जाणत्या कानाला ठाऊक असतें. लेसरच्या प्रकाशालाही असे उपस्वर असतात, हें मात्र इ. स. १९६१ मध्यें प्रथम अनुभवास आलें. आदल्याच वर्षीं थिओडोर मेमन यांनीं माणकाचा लेसर सिद्ध केला होता. मिशिगन विद्यापीठांतील पीटर फ्रँकेन व त्यांचे सहकारी यांनीं त्याचा तांबडा झोत क्वार्ट्झच्या स्फटिकांतून सोडला, तों दुप्पट कंपनांचा अतिनील प्रकाश अत्यल्प प्रमाणांत बाहेर पडला. छायाचित्रावरील त्याची खूण इतकी पुसट होती कीं, निबंध छापतांना ती धूळ समजून पुसली गेली, असें सांगतात. नव्या शास्त्राचा जन्म झाला, पण त्याचा दाखला कोराच राहिला!

पुढें १९८७-८८ च्या सुमारास शिकागो व फ्रान्समधील साक्ले येथें प्रखर लेसर निष्क्रिय वायूंत केंद्रित करण्यांत आला. साक्ले येथील गटांत ॲन लुइलिए या होत्या. त्या गटास आर्गॉन वायूंतून तेहेतिसाव्या पटीपर्यंतचे उपस्वर मिळाले. अदृश्य अशा उष्ण-प्रकाशापासून निघून ते दूरच्या अतिनील प्रदेशांत पोंचले होते. नवल हें कीं, आरंभींचे उपस्वर क्षीण होत गेल्यावर पुढले बरेच सारख्याच बळाचे राहिले. याचें कारण १९९३ सालीं पॉल कोर्कम यांनीं सोप्या रीतीनें मांडलें. लेसरचें विद्युत्क्षेत्र अणूंतून इलेक्ट्रॉन ओढून काढतें, त्याला दूर नेतें आणि परत अणूवर आणतें. परततांना मिळविलेली शक्ति तो प्रकाशरूपानें देऊन टाकतो.

दरम्यान १९९२ सालीं हॉलंडमधील लायडन येथें लेस ॲलन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, मळसूत्राप्रमाणें पीळ घेत जाणारा प्रकाशझोत कोनीय संवेग वाहून नेतो. अशा झोताच्या मध्यभागीं अंधार असतो. तो जणू प्रकाशाचा भोवराच होय.

आतां प्रश्न आला तो असा: भोवऱ्याच्या लेसरपासून उपस्वर काढले, तर त्यांत पीळ किती? पंधरावा उपस्वर पंधरा प्रकाशकणांचा मिळून होतो. म्हणून संवेगरक्षणाच्या नियमाप्रमाणें पीळही पंधरापट हवा. परंतु २०१२ सालीं जर्मनींतील येना येथील प्रयोगांत पीळ एकेरीच आढळला, आणि मोठा पीळ वाटेंतच मोडतो असा खुलासा पुढें आला. मग नियम प्रयोगांत कधीं दिसणारच नाहीं कीं काय? १९१३ नव्हे, तर अगदीं २०१३ पर्यंत हा संशय उभा होता. त्या वर्षीं हेर्नांदेस-गार्सिया व सहकाऱ्यांच्या गणितानें नियमाची बाजू घेतली. २०१४ सालीं ओटावा येथें कोर्कम यांच्याच गटाच्या मोजमापानें ती पटविली. आणि २०१६ सालीं साक्ले येथूनही दुजोरा मिळाला. २०१९ सालीं तर एकाच स्पंदांत क्षणोक्षणीं पीळ बदलणारा झोतही तयार झाला.

२०२३ सालीं लुइलिए, पिएर आगोस्तिनी व फेरेन्स क्राउस यांना नोबेल पारितोषिक मिळालें, तें याच उपस्वरांतून साधलेल्या अतिसूक्ष्म काळाच्या प्रकाशस्पंदांसाठीं. धूळ म्हणून पुसलेल्या ठिपक्याची ही वाटचाल आहे.