तापीकाठचा परवाना

पाणी ओसरले की बऱ्हाणपूरच्या राजघाटासमोर तापीच्या पात्रातला दगडी हत्ती उघडा पडतो. बाहेरगावचे पाहुणे इथे मुमताजमहलची आठवण काढतात; १६३१ साली तिचा अंत याच गावी झाला. परंतु परकीय भांडवल आणि त्यासाठीचे कायदे या विषयाचा एक जुना धडाही याच गावात आहे, तो सहसा कोणी वाचत नाही.

नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना येथे उतरला. जहांगीरचा पुत्र शाहजादा परवेझ तेव्हा दख्खनच्या मोहिमेचा प्रमुख होता. नाव त्याचे, कारभार खानखाना अब्दुर्रहीमचा. रो याने जमिनीला मस्तक टेकण्यास नकार दिला. बसायला आसन मागितले, तेही मिळाले नाही. तरीसुद्धा वखार घालण्याची परवानगी मात्र सहज मिळाली! पुढे खासगी भेट व्हायची होती. पण रो याने नजर केलेल्या मद्यापायीच शाहजादा भेटीच्या अवस्थेत राहिला नाही.

कंपनीला हे गाव हवे होते याला कारण होते. सुरत-आग्र्याच्या वाटेवरचे हे ठाणे, शेजारी लष्कराची छावणी, आणि विणकरांचे तलम कापड तर इराण-तुर्कस्तानपर्यंत जाणारे.

पण परवान्याचे बळ केवढे? १६१६ मध्ये परवेझची बदली झाली आणि दख्खनची मोहीम शाहजादा खुर्रमकडे, म्हणजे पुढच्या शाहजहानकडे, आली. सुरत बंदरही त्याच्याच अखत्यारीत. शाहजाद्याचे निशाण त्याच्या अधिकारापुरते. बादशहाचे फर्मानही मर्जी असेतो. हे ओळखून रो याने जहांगीरकडे कायमच्या कराराचा मसुदा दिला. सर्व बंदरांत व्यापाराची मोकळीक, वाटेत जादा जकात नको, मेलेल्या इंग्रजाची मालमत्ता जप्त होऊ नये, अशी त्यातली कलमे. बादशहाने करार केला नाही. अखेर १६१८ मध्ये खुर्रमकडून काही सवलती मिळाल्या. इंग्रजांना आपापसांतले तंटे आपल्या कायद्याने मिटवता येणार होते. भाड्याच्या घरात राहता येणार होते. स्वतःचे घर मात्र विकत घेता वा बांधता येणार नव्हते.

आता रायगडाकडे पाहू. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन वीस कलमांचा तह घेऊन आला. शिवाजीमहाराजांनी बहुतेक कलमे मान्य केली. अडीच टक्के जकात ठरली. परंतु फुटलेल्या जहाजांचा माल परत द्यावा, हे कलम कोकणच्या रिवाजाविरुद्ध म्हणून नाकारले. इंग्रजी नाणे चालवण्याची सक्तीही त्यांनी मानली नाही. नाण्यात कस असेल तर रयत ते आपणहून घेईल, हा त्यांचा विचार. येथे मर्जीचा प्रश्न नाही. काय दिले, काय नाकारले आणि का, हे उभय पक्षांना ठाऊक होते.

राजापूरच्या इंग्रजांनी १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला दिलेली मदत मराठ्यांना विसरता येण्यासारखी नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात हाच अनुभव बोलतो. टोपीकरांना व्यापार करू द्यावा, पण त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत हे ध्यानात ठेवावे. वखारीची जागा समुद्राकाठी नव्हे, तर आत काही कोसांवर द्यावी. उलट १७१७ मध्ये फर्रुखसियरच्या फर्मानाने इंग्रजांना बंगालमध्ये वर्षाला तीन हजार रुपयांत जकातमाफी मिळाली. कंपनीच्या नोकरांनी तिचा खासगी व्यापारासाठी गैरवापर केला, आणि त्यातून उठलेला तंटा १७५७ च्या प्लासीपर्यंत पोहोचला.

आपल्या काळातही १९७३ चा कडक परकीय चलन कायदा जाऊन १९९९ चा सैल कायदा आला. दाभोळच्या वीज प्रकल्पाचा करार १९९५ मध्ये रद्द झाला, १९९६ मध्ये नव्याने झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्या करारातला विजेचा दर सामान्य ग्राहकाला कळला, तो वाद पेटल्यावर. अटी आधी उघड्या असत्या, तर रायगडासारखे काय द्यायचे आणि काय नाही, हे वेळीच ठरवता आले असते. बऱ्हाणपुरात आजही यंत्रमाग चालतात. उद्या येथे कोणी परदेशी पेढी आली, तर परवान्यावर सही कोणाची आहे हे विचारून भागणार नाही. त्यातली कलमे मागवून, आपल्या भाषेत वाचून घ्यावी लागतील.