नाशिक रोड : स्थानक, शहर आणि मधली वाट

१. नाशिक शहराचें रेल्वे-स्थानक ज्या नांवानें ओळखलें जातें, त्या नांवांतच त्याचा निम्मा इतिहास सांठविलेला आहे. लोहमार्गावरील ठिकाणाच्या नांवापुढें ‘रोड’ हा शब्द लागला म्हणजे त्याचा अर्थ असा कीं, हें तें गांव नव्हे. येथें उतरून त्या गांवची वाट धरावयाची आहे. कुर्डुवाडीस एके काळीं ‘बार्शी रोड’ म्हणत तें याच अर्थानें. अबू रोड हेंही त्याच जातीचें नांव. नाशिकच्या बाबतींत ही वाट सुमारें नऊ किलोमीटरांची, म्हणजे जुन्या हिशेबानें साडेपांच मैलांची आहे. स्थानकाचा इतिहास हा वस्तुतः या साडेपांच मैलांचाच इतिहास आहे, असें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

२. प्रथम कालनिर्णय. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी मुंबईहून ठाण्यास ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं गेली. पुढच्या वर्षीं मे महिन्यांत मार्ग कल्याणास पोंचला. १८६१ सालीं घाटाच्या पायथ्याशीं कसाऱ्यापर्यंत गाडी सुरू झाली, आणि त्याच सालीं घाटमाथ्यावर इगतपुरीहून नाशिककडे गाडी धावूं लागली. परंतु हे दोन तुकडे जोडणारा थळघाटांतील लोहमार्ग ता. १ जानेवारी १८६५ रोजीं खुला झाला. सदतीस फुटांस एक फूट अशी त्याची चढण. कंपनीचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले हे १८६२ सालींच निवर्तल्यामुळें घाटाचें काम पुरें झालेलें पाहणें त्यांच्या वांट्यास आलें नाहीं.

तात्पर्य, १८६१ पासून १८६४ अखेर मुंबईहून निघालेल्या प्रवाशास कसाऱ्यास उतरून सडकेनें घाट चढावा लागे व इगतपुरीस पुनः गाडींत बसावें लागे. या काळांतील एखाद्या पत्रांत नाशिकच्या एकाच प्रवासाच्या वर्णनांत आगगाडी आणि बैलगाडी हीं दोन्ही आढळलीं, तर तेवढ्यावरून पत्राच्या अस्सलपणाविषयीं शंका घेऊं नये. वस्तुस्थितिच तशी होती.

३. स्थानक गांवापासून इतकें दूर कां? क्षेत्रस्थांनीं विरोध केला म्हणून गाडी बाहेरून गेली, अशा कथा अनेक गांवांविषयीं सांगतात. येथें नकाशाच पुरेसें बोलतो. मुंबई-आग्रा सडक नाशिकवरून जाते. लोहमार्गास मात्र इगतपुरीहून ईशान्येस निफाड, मनमाड व पुढें भुसावळ गांठावयाचें होतें. त्या रोखानें जाणारा मार्ग नाशिकास डाव्या हातास टाकून, गोदावरीच्या दक्षिणेकडून देवळाली गांवाजवळून निघतो व ओढ्याच्या पुढें नदी ओलांडतो. शहरास स्पर्श करावयाचा तर मोठें वळण घ्यावें लागलें असतें. सडकेच्या काळीं जें शहर वाटेवर होतें, तें आगगाडीच्या काळीं वाटेबाहेर पडलें.

४. हें अंतर तोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे नाशिकची ट्राम. १८८९ च्या सुमारास अडीच फूट रुंदीच्या रुळांवर ती बांधण्यांत आली. शहरांत मेन रोडवरील नगरपालिकेच्या जुन्या इमारतीपासून निघून ती स्थानकास जाई. आरंभीं घोडे ओढीत, पुढें पेट्रोलचें इंजिन आलें. तिचे सल्लागार इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हेच गृहस्थ पुढें बार्शी लाइट रेल्वेचे कर्ते म्हणून प्रसिद्धीस आले. तीही अडीच फुटी रुळांची, आणि तिचेंही पहिलें प्रयोजन बार्शी रोडपासून बार्शी गांवापर्यंतची वाट तोडणें हेंच. लोहमार्गानें बाजूस ठेवलेल्या दोन गांवांच्या एकाच अडचणीवर एकाच पुरुषानें एकच तोड काढली, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. प्लेग व दुष्काळ यांचे तडाखे सोशीत १९३१–३३ च्या दरम्यान नाशिकची ट्राम बंद पडली.

५. दरम्यान स्थानकाभोंवतीं निराळेंच नगर उभें राहत होतें. शेजारीं देवळालीची लष्करी छावणी होतीच. १९२५ सालीं येथें सरकारी सिक्युरिटी प्रेस निघाला; तोंवर हिंदुस्थानचीं टपालाचीं तिकिटें लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. १९३१ सालची नव्या दिल्लीच्या उद्घाटनाची तिकिटमाला नाशिकचीच. १९२८ त नोटांचा छापखाना आला. रेल्वेसन्निध अशा कारखान्यांनीं वाढलेल्या या वस्तीस नाशिक रोड-देवळाली ही स्वतंत्र नगरपालिका मिळाली. १९८२ सालीं नाशिक, सातपूर व नाशिक रोड-देवळाली या तीन नगरपालिका मिळून नाशिक महानगरपालिका झाली. म्हणजे स्थानक सुरू झाल्यानंतर एकशें एकवीस वर्षांनीं तें नाशिक शहरांत आलें. स्थानक हाललें नाहीं, शहर चालत आलें.

६. पुढील सुधारणा संक्षेपानें सांगतों. १९३० च्या सुमारास इगतपुरीपर्यंत आलेली वीज १९६० नंतरच्या दशकांत पुढें सरकली. १९५१ सालीं मार्ग मध्य रेल्वेकडे गेला. १९७५ सालीं मनमाड-मुंबई पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली व नाशकांत राहून मुंबईस नोकरी करणारा नवा वर्ग उत्पन्न झाला. पहिली किसान रेल ता. ७ ऑगस्ट २०२० रोजीं शेजारच्याच देवळालीहून दानापुरास गेली. अमृत भारत योजनेंत नाशिक रोडचा समावेश झाला असून, २०२७ च्या सिंहस्थासाठीं देवळाली, ओढा, खेरवाडी व कसबे सुकेणें यांसह येथें विस्ताराच्या योजना आंखलेल्या आहेत.

७. नवें बांधकाम जुन्यावर उभें राहतें, आणि जुन्याचीं कागदपत्रें प्रथम रद्दींत जातात. म्हणून संग्राहकांस एक विनंति. ट्रामचीं तिकिटें, जुनीं वेळापत्रकें, हुंडेकऱ्यांच्या पावत्या हीं क्षुल्लक मानूं नयेत. त्याहून मोलाच्या आहेत त्या नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या. गांव व आडनांव यांच्या क्रमानें लिहिलेल्या या वह्यांत यात्रेकरू कोठून, केव्हां व कोणासह आला याची नोंद असते. १८६१ व १८६५ या दोन सालांच्या अलीकडील-पलीकडील नोंदी ताडून पाहिल्यास गाडीमुळें कोणत्या प्रांतांतून किती नवे यजमान आले, आणि बायकामाणसांची यात्रा वाढली कीं काय, हें अंकांनीं सांगतां येईल. घाटाच्या चढणीची मोजणी इंजिनियरांनीं करून ठेविली आहे. त्या चढणीवरून कोण आलें याची मोजणी मोडी जाणणारांनींच करावयाची आहे. वह्यांचे कागद जीर्ण होत आहेत व मोडी वाचणारे विरळ होत आहेत. सिंहस्थापूर्वीं निदान एका गांवाच्या वहीची तरी नक्कल होऊन ती प्रसिद्ध व्हावी.