पाव आण्याची भेट

दिवाळीच्या सुट्टीआधी मी मुलांना एकेक पोस्टकार्ड आणायला सांगत असे. मामा, मावशी, आत्या, कुणालाही पाठवा, पण चित्र स्वतः काढा. रंगपेटी फार थोड्यांकडे. हळद, गेरू, काजळ चालायचं.

वाचकहो, बाजारातल्या शुभेच्छापत्राचा इतिहास तसा अलीकडचाच. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं आणि छापून विकायला ठेवलं. किंमत एक शिलिंग! १८४० पासून तिथं एका पेनीत पत्र जात होतं. म्हणजे एका कार्डाच्या पैशात बारा पत्रं. गरिबाच्या घरी ते कसलं पोचतंय? आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला, पाव आण्यात. रुपयाला चौसष्ट! कागद आणि टपाल दोन्ही त्यातच. भेट म्हणून याहून स्वस्त काय असणार?

१९७८ ची गोष्ट. एका मुलीनं मामासाठी हळदीची सुरेख पणती काढली होती. खाली लिहिलं होतं, ‘दीवाळीच्या शुभेच्छा’. सवयीनं मी लाल शाईनं ‘दी’वर काट मारली. वर ‘दि’ लिहिला.

ती म्हणाली, "बाई, आता हे मामाला कसं पाठवू?"

मी पोस्टातून नवं कार्ड आणून दिलं. तिनं पुन्हा पणती काढली, पण घाईघाईत. आणि ते कार्ड मला न दाखवता थेट पेटीत टाकलं.